खून नसलेली रहस्यकथा : ‘गॉडी नाइट’ आणि मालिकेचा वाचक

रहस्यकथांच्या मालिकेचा वाचक हा जरा वेगळा वाचक असतो. एखादी सुटी कादंबरी तो कुतूहलाने उघडतो. मालिकेतले नवे पुस्तक मात्र काय मिळणार हे मनाशी ठरवूनच उघडतो. गुन्हा नवा हवा, पण नायक तोच हवा आणि त्याची बोलण्याची ढबही तीच हवी. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाड यांच्यावर पोसलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको. लेखक आणि वाचक यांच्यातला हा अलिखित करारच म्हणायचा. लेखकाने तो मोडला तर काय होते, याचा अभ्यास करायला डोरोथी एल. सेयर्स यांच्या ‘गॉडी नाइट’ (१९३५) या कादंबरीइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

सेयर्स यांचा गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी १९२३ साली ‘हूज बॉडी?’ या कादंबरीतून अवतरला. ड्यूकचा धाकटा भाऊ, एका डोळ्यावर भिंग, दुर्मीळ ग्रंथांचा नाद, जिभेवर सतत कोटी आणि दिमतीला बंटर हा हुशार सेवक. वाचकांना तो आवडला आणि मालिका चालू लागली. याच काळात सेयर्स यांनी रहस्यकथांचा एक मोठा संग्रह संपादित केला. त्याच्या १९२८ सालच्या प्रस्तावनेत त्यांनी स्वच्छ लिहिले, की रहस्यकथेत प्रेमप्रकरण आले की तपासाच्या पायात खोडा पडतो.

मात्र दोनच वर्षांनी ‘स्ट्राँग पॉयझन’मध्ये त्यांनी स्वतःच हा नियम मोडला. प्रियकराला आर्सेनिक घातल्याचा आरोप असलेली रहस्यकथालेखिका हॅरिएट वेन हिला विम्झी फासापासून वाचवतो आणि तिच्या प्रेमात पडतो. नायकाचे लग्न लावून मालिका आटोपती घ्यावी, असा सेयर्स यांचा बेत होता. पण जीव वाचवणाऱ्याला उपकारापोटी होकार देणारी हॅरिएट त्यांना खरी वाटेना. पुढे १९३७ सालच्या एका लेखात त्यांनी ही अडचण उलगडून सांगितली. हे लग्न व्हायचे तर दोघांना बरोबरीच्या पातळीवर यावे लागणार होते आणि त्यासाठी विम्झीला आधी माणूस करावे लागणार होते.

हे काम ‘गॉडी नाइट’ने केले. ‘गॉडी’ म्हणजे ऑक्सफर्डच्या कॉलेजांतला माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. कादंबरी घडते श्र्यूजबरी या काल्पनिक महिला कॉलेजात. सेयर्स स्वतः सॉमरव्हिल कॉलेजच्या विद्यार्थिनी. ऑक्सफर्डने १९२० साली स्त्रियांना पदव्या देणे सुरू केले, तेव्हा पदवी घेणाऱ्या पहिल्या तुकडीत त्या होत्या. कॉलेजात निनावी शिवराळ पत्रे येऊ लागतात, हस्तलिखिते फाडली जातात, एक विद्यार्थिनी जीव देण्याच्या टोकापर्यंत जाते. बदनामी नको म्हणून पोलिसांऐवजी हॅरिएटला बोलावले जाते. विम्झी बराच काळ दूरच असतो. खून तर होतच नाही. शेवटी लग्नाची मागणी होते तीही लॅटिनमध्ये, पदवीदान समारंभातल्या शब्दांत.

पुस्तक खपले खूप, पण वाचक दुभंगले. ऑक्सफर्डमध्येच प्राध्यापक असलेले जे. आर. आर. टॉल्किन विम्झीच्या कथा पहिल्यापासून वाचत आले होते. १९४४ साली मुलाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवले, की आरंभी आवडलेल्या या नायकाचा ‘गॉडी नाइट’पर्यंत येता येता आपल्याला विलक्षण तिटकारा आला, हॅरिएटचा तर त्याहूनही असेल. क्यू. डी. लीव्हिस यांनी १९३७ साली ‘स्क्रूटिनी’त केलेला हल्ला वेगळ्या दिशेचा होता. हे उसने वाङ्मयीन अवसान आहे आणि विद्यापीठीय जीवनाचे चित्र खोटे गोड आहे, असे त्यांचे म्हणणे. ज्युलियन सायमन्स यांना त्यातल्या चर्चा कंटाळवाण्या वाटल्या. उलट पी. डी. जेम्स यांच्या मते कोडे आणि गंभीर सामाजिक कादंबरी यांचा मेळ इथे उत्तम साधला आहे.

या तक्रारी एकाच जातीच्या नाहीत. टॉल्किनांचा राग हा सोबत करणाऱ्या वाचकाचा राग आहे. ओळखीच्या माणसाने बदलून जावे हे त्याला सहन होत नाही. लीव्हिस यांना मालिकेशी कर्तव्यच नाही. लोकप्रिय लेखिकेने साहित्याच्या पंगतीत बसू पाहावे, हेच त्यांना खुपते. त्यांचा आक्षेप सगळाच फेटाळता येत नाही. कादंबरी पसरट आहे, उद्धरणांचा सोस जाणवतो आणि कॉलेजात राबणाऱ्या बायकांचे जग तिला वरूनच दिसते.

पण खून का नाही, या प्रश्नाचे उत्तर कादंबरीच्या गाभ्यातच आहे. सगळ्या उपद्रवाचे मूळ एका जुन्या प्रकरणात आहे. आपल्या प्रबंधाला बाधक ठरणारा पुरावा एका संशोधकाने दडवला आणि एका विदुषीने ते उघड केले. त्यात त्याची कारकीर्द गेली आणि संसारही. तिने गप्प बसायला हवे होते का? सत्य मोठे की माणसे? स्त्रीने आपल्या कामाशी प्रामाणिक राहावे की आपल्या माणसांशी? गुन्हेगाराचे नाव कळल्यावरही हे प्रश्न सुटत नाहीत. एखादे प्रेत पडले असते तर वाचकाचे लक्ष त्याच्याकडेच गेले असते आणि हा वाद बाजूला पडला असता.

इथे लेखिकेचा आणि कथेचा पेच एकच होतो. मागणी होती जुन्याच विम्झीची. तो पुन्हा पुन्हा लिहिणे सोयीचे होते, फायद्याचेही होते. सेयर्स यांनी मात्र कामाशी इमान राखणे म्हणजे काय, हे सांगणारी कादंबरी करार मोडूनच लिहिली. त्यानंतर विम्झीची एकच कादंबरी त्यांनी पुरी केली, ‘बसमन्स हनीमून’ (१९३७). ही प्रेमकथा आहे आणि तपास हा तिच्यातला व्यत्यय, असे तिच्या उपशीर्षकातच त्यांनी मिश्किलपणे सुचवले. पुढे त्या दान्तेच्या भाषांतराकडे वळल्या.

नाराज वाचकांचेही काही चुकले म्हणता येत नाही. दहा पुस्तके सोबत केलेल्या माणसावर हक्क वाटणे स्वाभाविकच आहे. मात्र नायक जितका जिवंत वाटतो, तितका हा हक्क मोठा होतो. आणि जिवंत माणूस म्हटला की तो बदलणारच.