सासूबाईंचा बो

आंबेनळी घाटाच्या पायथ्याला राहायचं म्हणजे पावसाळाभर मिठाला पाणी सुटतं, काडी पेटत नाही, साड्यांना बुरशी येते. म्हणून सासूबाईंचं व्हायोलिन आम्ही पेटीत अगदी घट्ट बंद करून माळ्यावर ठेवलं होतं. लग्नाआधी पुण्यात शिकत होत्या त्या. पुढे संसारात ते राहूनच गेलं. पण प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’ रेडिओवर लागलं की त्यांचा पोळी लाटणारा हात थांबायचा.

गेल्या दिवाळीत लेकीने पेटी उघडली आणि किंचाळलीच. बोचे निम्मे केस तुटून पडलेले! कसर लागली होती. लोकरीच्या शालीला लागते ना, तशीच. बंद, अंधारी जागा आणि खायला घोड्याच्या शेपटीचे केस! पेटी झाडून दोन दिवस उन्हात ठेवली. (नुसती पेटी हं! व्हायोलिन उन्हात ठेवलं तर सांधे सुटतात.)

‘‘शोभेला लावा भिंतीवर,’’ हे म्हणाले. आई गप्प. मला ते गप्प बसणं सोसेना. बो घेऊन घाट चढले आणि महाबळेश्वर, वाई करत पुणं गाठलं.

कारागिरांनी आधी विचारलं, ‘‘राहता कुठे?’’ मला वाटलं, गप्पा मारताहेत. पण केस दमट हवेत लांबतात, कोरड्या हवेत आखडतात. पुण्याच्या हवेत बेताचे बसवलेले केस आमच्या पावसात इतके सैल पडतील, की स्क्रू कितीही फिरवा, ताण येणार नाही. फार आखूड बसवले, तर उन्हाळ्यात ओढ बसून काठीच मोडायची. तो सुवर्णमध्य त्यांनी साधला. दीडेकशे केस विंचरून, टोकांना गाठ मारून, इवल्या लाकडी पाचरींनी बसवले. पुढच्या वेळी काढता यावेत म्हणून चिकटवायचे नाहीत. वाजवून झालं की स्क्रू सैल करायचा, हे त्यांनी दोनदा बजावलं.

घरी लेकीने बो तारांवर ओढला, तर आवाजच नाही! माझ्या पोटात गोळा. एवढा खर्च, एवढी धावपळ! आई मात्र हसल्या. ‘‘अगं, राळ लाव आधी. कोरे केस तारेवरून नुसते घसरतात. आणि बोट लावू नकोस, तेलाचा हात आहे तुझा.’’

लेक बराच वेळ राळ घासत बसली. मग आईंनी बो स्वतःच मागून घेतला. हात थरथरत होता, सूर काही सरळ लागेना.

‘‘उद्या बघू,’’ म्हणाल्या आणि पेटीत ठेवण्याआधी त्यांनी आठवणीने स्क्रू सैल केला.