सलाईनचे थेंब कोण मोजतं?

भरलेला वॉर्ड आणि रात्रपाळीला एकच सिस्टर, अशा रात्री आम्ही पुष्कळ काढल्या. सलाईनचे थेंब मनगटावरच्या घड्याळात बघून मोजायचे. साध्या नळीतून २० थेंब पडले की १ मिली होतं. ५०० मिलीची बाटली ४ तासांत द्यायची तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब हवेत. पेशंटने हात वाकवला तरी हा वेग बदलतो. लहान मुलांच्या नळीत मिलीला ६० थेंब. दोन नळ्यांची गल्लत झाली तर औषध तिप्पट जाऊ शकतं. पोटॅशियम घातलेलं सलाईन भरभर गेलं तर हृदयच बंद पडेल.

आता त्यावर प्रकाशाचा पहारा आला आहे. थेंब पडतात त्या चेंबरला चिमट्यासारखं यंत्र लावतात. एका बाजूने डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश, समोर तो टिपणारा सेन्सर. थेंबाने प्रकाश अडला की एक मोजला. वेग बिघडला, थेंब थांबले की यंत्र ओरडतं.

मात्र ते थेंब मोजतं, औषध ओळखत नाही. बाटलीत चुकीचं औषध असलं तर तेही इमानदारीने मोजत बसेल. म्हणून यंत्र आणून सिस्टरची पदं कमी करा म्हणणाऱ्यांशी आमचं भांडण आहे.

घरच्यांनी सलाईन हळू वाटलं म्हणून नळीची चाकी स्वतः फिरवू नये. हात सुजला, गार पडला, दुखू लागला तर लगेच बोलवा. बाटलीवर पेशंटचं नाव, औषध, सुरू केल्याची वेळ आहे का, विचारा. सिस्टर वैतागली तरी विचारा.