सासऱ्याचं चरित्र जावयाने लिहिलं, तर त्यावर विश्वास किती ठेवायचा?

ब्रिटनमध्ये रोमची सत्ता स्कॉटलंडपर्यंत नेणारा सेनापती म्हणजे अ‍ॅग्रिकोला. जन्म इ.स. ४०, मृत्यू इ.स. ९३. मधली सुमारे सात वर्षं तो ब्रिटनचा गव्हर्नर होता.

ही माहिती आली कुठून? बहुतेक सगळी एकाच पुस्तकातून. ते इ.स. ९८ च्या सुमारास टॅसिटस या इतिहासकाराने लिहिलं. आणि टॅसिटस हा अ‍ॅग्रिकोलाचा सख्खा जावई!

मग पुस्तक बाद करायचं का?

नाही. घरातल्या माणसालाच ठाऊक असतील अशा गोष्टी त्यात आहेत. एका लीजनच्या बळावर आयर्लंड जिंकता येईल, असं सासरे अनेकदा म्हणत, हे टॅसिटसने स्वतः ऐकलं होतं. पण सासऱ्याचं कौतुक किती आणि इतिहास किती, हे पुस्तकाबाहेरच्या पुराव्यांवरूनच ठरवावं लागतं.

जमिनीने काय सांगितलं?

इंग्लंडमधल्या चेस्टरला शिशाचे जुने पाइप सापडले. त्यांवर गव्हर्नर म्हणून अ‍ॅग्रिकोलाचं नाव आहे आणि साल निघतं इ.स. ७९. म्हणजे माणूस खरा, पदही खरं.

कार्लाइलच्या रोमन किल्ल्याने मात्र वेगळी साक्ष दिली. झाडाच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढतं. ही वलयं मोजल्यावर कळलं, की किल्ल्याचं लाकूड इ.स. ७२-७३ च्या हिवाळ्यात तोडलेलं आहे. अ‍ॅग्रिकोला गव्हर्नर झाला त्याच्या काही वर्षं आधी! म्हणजे उत्तरेकडे सरकण्याचं श्रेय आधीच्या गव्हर्नरांनाही जातं.

आणि ती मोठी लढाई?

मॉन्स ग्राउपियसच्या लढाईत शत्रूचे १०,००० आणि रोमनांचे फक्त ३६० सैनिक पडले, असं टॅसिटस लिहितो. आकडे एकाच बाजूचे आहेत. लढाईची जागा आजही नक्की ठरलेली नाही. शत्रूचा नेता कॅलगॅकस याचं गाजलेलं भाषणही फक्त याच पुस्तकात आहे. पात्रांच्या तोंडी स्वतः रचलेली भाषणं घालायची रोमन इतिहासकारांची रीतच होती.

थोडक्यात, टॅसिटस खोटारडा नव्हता, पण तटस्थही नव्हता. कुठल्याही वीराची गोष्ट वाचताना दोन प्रश्न विचारा: लिहिणारा त्याचा कोण लागतो? आणि दुसरा पुरावा काय सांगतो?