टक्का कागदावरचा, जागा कॉलेजातली

बारावीचा निकाल लागला की नांदूरघाटातून केजला, बीडला, अंबाजोगाईला जाणाऱ्यांच्या काखेत फायली दिसू लागतात. मार्कलिस्ट, टीसी, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. घरात दिव्यांग लेकरू असेल तर त्या फायलीत आणखी एक कागद लागतो, आणि त्या कागदाबद्दल पारावर जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं ऐकीव असतं.

"दाखला काय, ॲडमिशनच्या वेळी काढू."
सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. 1 जून 2021 पासून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र फक्त यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राच्या) पोर्टलवरून मिळतं. अर्ज सेवा केंद्रावर भरता येतो, पण तपासणीला सरकारी रुग्णालयातच जावं लागतं. ठरलेला वार, ठरलेले डॉक्टर, त्यात कानाची तपासणी असेल तर वेगळं यंत्र. एका खेपेत काम होतंच असं नाही. इकडे सीईटीचा अर्ज तर बारावीच्या परीक्षेआधीच सुरू होतो आणि त्यात दिव्यांगाचा रकाना असतो. तो कोरा राहिला, तर पुढे दाखला हातात येऊनही हात चोळत बसायची पाळी येऊ शकते. म्हणून हे काम अकरावीतच उरकावं. जुना दाखला असेल तर तो तात्पुरता आहे का, मुदत कधी संपते, नाव दहावीच्या सनदेशी जुळतं का, एवढं आजच बघून ठेवा. एका वेलांटीपायीही खेपा वाढतात.

"आमच्या पोरीला बघून कुणी दिव्यांग म्हणणार नाही."
बघून ठरवायचे दिवस गेले. 1995च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 7 प्रकार होते. 2016चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 19 एप्रिल 2017ला लागू झाला आणि ते 21 झाले. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता हे सगळे त्यात आले. 'डोकं चालतं, पण लिहायला आळशी' असं म्हणून दहा वर्षं ज्याला बोल लावले, त्या पोराचीही एकदा तपासणी करून घ्यावी.

"जातीचं आरक्षण घेतलं की दिव्यांगाचं सुटतं."
सुटत नाही. दिव्यांगांचं आरक्षण समांतर आहे, ते प्रत्येक प्रवर्गाला आडवं छेदून जातं. ओबीसी किंवा अनुसूचित जातीच्या दिव्यांग विद्यार्थ्यानं दोन्ही रकाने भरायचे. कायद्याच्या कलम 32 प्रमाणे सरकारी आणि अनुदानित उच्चशिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा आणि वयाच्या वरच्या मर्यादेत 5 वर्षांची सूट आहे. मात्र हे दोन्ही 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांनाच.

"चाळीसच्या खाली म्हणजे काहीच नाही."
राखीव जागा नाही, एवढंच. लेखनिकाचा हक्क वेगळा. 11 फेब्रुवारी 2021ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की लिहिण्यात अडचण असणाऱ्याला 40 टक्के नाहीत म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही. पुढे 10 ऑगस्ट 2022ला केंद्रानं त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. वाढीव वेळ तासाला 20 मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. त्यासाठीचा अर्ज परीक्षेच्या आधी द्यायचा असतो. ऐन पेपरच्या सकाळी केंद्रप्रमुखाशी वाद घालून काही निघत नाही, पोराचं अवसान मात्र जातं.

"डॉक्टरकीला दिव्यांग चालत नाहीत."
इथे थोडं थांबायला हवं, कारण हा गैरसमज गावानं नव्हे, नियमांनीच जन्माला घातला. राखीव जागेला 40 टक्के हवेत, आणि काही प्रकारांत 40 झाले की तोच विद्यार्थी वैद्यकीय शिक्षणाला अपात्र ठरायचा! पात्र ठरवणारा आकडाच बाहेर काढणारा. वाचादोष असलेल्या एका विद्यार्थ्याला याच नियमानं अडवलं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं दिल्लीच्या मौलाना आझाद वैद्यकीय महाविद्यालयाकडून त्याची नव्यानं तपासणी करवली, आणि त्याचं दिव्यांगत्व शिक्षणाच्या आड येत नाही असा अहवाल आला. त्याला प्रवेश मिळाला. 15 ऑक्टोबर 2024च्या सविस्तर निकालात न्यायालयानं म्हटलं, की केवळ टक्क्याच्या आकड्यावरून कुणाला बाद करता येणार नाही. हा विद्यार्थी हा अभ्यासक्रम पुरा करू शकेल का, हे दिव्यांगत्व तपासणाऱ्या मंडळानं पाहावं आणि 'नाही' म्हणायचं तर कारणं लिहून द्यावीत. 'नीट' देणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं: या प्रवेशासाठी नेमून दिलेल्या मंडळाची तपासणी वेगळी असते, नुसत्या जिल्ह्याच्या दाखल्यावर भागत नाही.

"कशाला हेलपाटे, मुक्त विद्यापीठात नाव टाका."
नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989पासून उत्तम काम करतंय. ज्याला ते हवं त्यानं जरूर घ्यावं. पण व्हीलचेअर आहे म्हणून मुलानं घरी बसून पदवी घ्यावी, हे ठरवणारे आपण कोण? डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न केज-बीडच्या कॉलेजांत बीएला बहुधा चुरस नसते, तिथे राखीव जागेचा प्रश्नच येत नाही. अडतं ते जिन्यावर. वर्ग दुसऱ्या मजल्यावर असेल तर तळमजल्यावर मागता येतो, आणि 'वाजवी सोय' या नावानं कायदाच ती मागणी करू देतो. एसटीत 40 टक्क्यांपुढे भाड्यात 75 टक्के सवलत आहे, तेव्हा रोजचं येणं-जाणं खिशाला सोसतं. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं.

मागणी तोंडी करू नका. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज लिहा: नाव, वर्ग, यूडीआयडी क्रमांक, काय सोय हवी. दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं, पण तिथे पहिला प्रश्न येतो तो कॉलेजला दिलेल्या अर्जाचा. म्हणून दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.