कुलरखालचा कुत्रा आणि पटाची जोडी

मंडळी, यवतमाळचा उन्हाळा मी तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि दुपारी रस्त्यावर माणूस औषधाला सापडत नाही. अशाच एका दुपारी ओळखीच्या एका घरी गेलो होतो. बैठकीत कुलर लावलेला, आणि कुलरच्या ऐन तोंडाशी, जिथं पाहुण्यानं बसावं तिथं, एक कुत्रा पसरलेला. करडा-पांढरा, केसाळ, तोंडवळा लांडग्याचा, डोळे निळे. ‘हस्की आहे,’ घरधनी कौतुकानं म्हणाले, ‘पोरानं हट्टच धरला होता.’ फिरवता कधी, असं विचारलं तर म्हणाले, ‘पहाटे पाचला. नंतर काढला तर पाय पोळतात त्याचे.’

मी चहा घेतला, चार गोष्टी बोललो, पण लक्ष सगळं त्या कुत्र्याकडे. झोपेत त्याचे पाय हलत होते. पुढचे दोन, मागचे दोन, अगदी ठेक्यात. कुठं धावत होता कोण जाणे!

माझा भाचा नोकरीच्या निमित्तानं फिनलंडमध्ये असतो. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो हसायलाच लागला. ‘मामू, मी मागच्या हिवाळ्यात यांच्याच गाडीत बसलो होतो.’ तिकडे हस्की पाळण्याची शेतं असतात. आपल्याकडे शेळ्यांचा गोठा असावा तशी शंभर-शंभर कुत्री, प्रत्येकाला लाकडी खुराडं. पैसे भरले की पर्यटकाला चार-सहा कुत्र्यांच्या घसरगाडीत बसवून बर्फातून फिरवून आणतात. भाच्याला आधी धडा मिळाला: काही झालं तरी दांडा सोडायचा नाही. सोडला की कुत्री तुम्हाला टाकून निघून जातात, मागं वळूनही पाहत नाहीत. गाडीला चाकं नाहीत, दोन लांब पट्ट्या. मागं उभं राहायचं आणि थांबवायचं असेल तर पायानं ब्रेकची दातेरी पट्टी बर्फात रुतवायची. लगाम नाही, कासरा नाही. पुढची जोडी हुशार कुत्र्यांची, ती आवाजावर डावं-उजवं वळते. गाडीलगतची जोडी ताकदीची, कारण वळणावर ओझं तिच्यावर येतं.

त्याला सगळ्यात नवल वाटलं ते आवाजाचं. जुंपलेली असताना कुत्री इतकी ओरडत होती, उड्या मारत होती, की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. दोर सुटला आणि एकदम चिडीचूप. ‘मामू, नुसता पट्ट्यांचा सरसर आवाज आणि त्यांचा श्वास.’

हे ऐकून मला एकदम पटाचे बैल आठवले. त्याला म्हटलं, ‘बेटा, एवढ्या लांब कशाला गेलास? हे आपल्या दारव्हा रोडवर होतं.’

तसं मला पटाचं वेड नाही. माझं नातं बैलाच्या खुराशी. माझे वडील नालबंद होते. आठवडी बाजारात लिंबाच्या झाडाखाली त्यांचं दुकान, म्हणजे एक पोतं, एक हातोडा, खिळ्यांचा डबा. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून घोड्यासारखी एक नाल चालत नाही, प्रत्येक खुराला दोन पत्र्या लागतात. एका बैलाला आठ, जोडीला सोळा. दोरानं बैल पाडायचा, पाय बांधायचे, खूर तासायचे आणि खिळा असा तिरपा मारायचा की तो नखातच राहील, जिवंत मांसाला लागणार नाही. चुकला तर बैल लंगडा आणि शेतकऱ्याचा हंगाम बुडाला. डोकं धरायला मला बसवत. बैलाचा डोळा एवढ्या जवळून पाहिलेले कवी मराठीत फार नसतील.

पटाच्या बैलाला मात्र अब्बा हात लावायला घाबरत. म्हणत, हे जनावर नाही, हा लोकांचा जीव आहे.

विदर्भात याला शंकरपट म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रातले बैलगाडे घाटात, चढणीवर पळतात, पुढं घोडी असते. आपल्याकडे मैदान सपाट, वाट सरळ, एक जोडी, एक छकडी आणि एक धुरकरी. सारा खेळ काही सेकंदांचा. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं तळेगाव दशासर या पटासाठी प्रसिद्ध आहे. तिथं बायकांनीही जोड्या हाकलेल्या आहेत. हंगाम थंडीचा, आणि त्याला कारण आहे. बैल रवंथ करणारं जनावर. भरल्या पोटी त्याच्याकडून धाव होत नाही आणि उन्हात तो लवकर धापा टाकतो. हस्कीचंही तेच. अंगावर केसांचे दोन थर, आतला लोकरीसारखा. घाम गाळून थंड होण्याची सोय नाही, जीभ काढून धापा टाकायच्या. म्हणून पारा शून्याखाली असेल तेव्हाच तो मनासारखा धावतो. आपल्या कुलरखालच्या त्या बिचाऱ्याचा दोष काय, तर त्याचा मुलूख आपण बदलला.

गेल्या जानेवारीत दारव्हा तालुक्यातल्या एका गावी गेलो. तिथल्या एका शेतकऱ्याकडे पटाची जोडी आहे. घर साधं, गोठा मात्र सिमेंटचा. मी नाव सांगितलं तसा तो खाटेवरून उठलाच. ‘म्हंजे नालबंद चाचाचे पोरगे तुमी? माह्या बापाच्या बैलायले तेच पत्री मारत.’ मग माझी कविता-बिविता बाजूलाच राहिली. मी नालबंदाचा पोरगा, एवढीच ओळख दिवसभर पुरली.

जोडी पाहिली. हिरा आणि चेंडू. पांढरीशुभ्र, सडपातळ, मान लांब. वर्धेकडच्या गवळाऊ जातीची जनावरं अशीच हलक्या अंगाची, चपळ. खुराक विचारला तर तो बोटं मोडत सांगू लागला: सरकीची ढेप, तुरीची चुनी, कणकेचे गोळे, थंडीत दूध. सकाळी चालवायचं, तळ्यात पोहवायचं, संध्याकाळी अंग रगडायचं. घरच्या मालकीण दारातून म्हणाल्या, ‘दूध पयले त्यायले, मंग चहाले.’ तक्रार होती की अभिमान, ते मला कळलं नाही.

‘बसता का भाऊ?’

मी छकडीकडं पाहिलं. बसायला काय आहे तिच्यात! दोन चाकं, एक दांडी, जू आणि मध्ये वीतभर फळी. बाजूला धरायला काही नाही. माझं वय पंचावन्नच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे. म्हटलं, पाडाल. ‘कायले भेता? पयवत नाई मी, दुडकीच चालवतो.’ मी त्याच्या मागं बसलो आणि दोन्ही हातांनी त्याची कंबर धरली. भाच्याला मिळालेला धडा डोक्यात होता: सोडायचं नाही.

सोयाबीन निघालेलं मोकळं वावर होतं. एका कडेनं सरावाची वाट तयार केलेली. बैल तिच्याकडं वळले मात्र, हिरा जागच्या जागी नाचायला लागला, चेंडूनं मान झटकली, नाकातून फुरफुर. जुवाच्या शिवळा खडखडत होत्या. मालकानं कासरा आवळून धरला होता. मग त्यानं तो जरासा सैल सोडला. हाक मारली नाही, शेपटीला हात नाही, हातात काडीसुद्धा नाही.

दुडकी वगैरे काही झालं नाही! पहिल्या धक्क्याला माझी टोपी गेली. जमीन खालून सरकते हे मी लिहिलं आहे अनेकदा, पण ती खरंच सरकली. ढेकळं तोंडावर येत होती, फळी मांडीत रुतत होती आणि त्याच्या शर्टात तोंड खुपसून मी अल्लाचं नाव घेत होतो. आणि आश्चर्य असं, की सगळी खडखड चालू असूनही मला शांत वाटत होतं. पुढं दोन पाठी एका मापात वर-खाली होत होत्या. दोन जनावरं, पण श्वास एक. भाचा म्हणाला होता तेच. मोजून पंधरा सेकंदही झाले नसतील. थांबलो तेव्हा माझे पाय थरथरत होते. मालक हसत म्हणाला, ‘म्या नाई पयवले भाऊ, तेच पयाले.’

आता हे खरं, की सगळीकडे ‘तेच पयतात’ असं नसतं. लहानपणी मी पटावरून परतलेल्या बैलांच्या पुठ्ठ्यांवर रक्त पाहिलेलं आहे. टोकदार खिळ्याची तुतारी, शेपटी पिरगाळणं, नंतरच्या काळात विजेचा झटका, हे सगळं होत होतं आणि ते पाहणाऱ्यांनीच टाळ्या वाजवल्या. जुलै २०११ मध्ये केंद्रानं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या यादीत बैल घातला, म्हणजे त्याला शिकवून त्याचे खेळ करता येणार नाहीत. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतीही बंद केल्या. बैलाचं शरीर घोड्यासारखं धावण्यासाठी नाही, हाही त्यातला एक मुद्दा होता. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये स्वतःचा कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडकला. बैल धावू शकतो की नाही यावर सरकारनं तज्ज्ञांचा अहवाल करवून घेतला. १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं हे कायदे कायम केले. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, जनावरांची तपासणी लागते, काठी-चाबूक-खिळा चालत नाही.

२०१४ ते २०२१. साडेसात वर्षं. माणसाच्या हिशेबात फार नाहीत, बैलाचं मात्र अख्खं तारुण्य त्यात जातं. ‘माही एक जोडी त्यातच म्हातारी झाली,’ मालक म्हणाला. ‘पटासाठी घेतली, पट पाह्यलाच नाई तिनं.’

बर्फातल्या गाडीचाही इतिहास सगळा गोंडस नाही. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली. औषध १०८५ किलोमीटर दूर नेनानाला होतं, वादळात दुसरं वाहन चालेना. वीस गाडीवान आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी ते टप्प्याटप्प्यानं साडेपाच दिवसांत पोचवलं. शेवटच्या टप्प्यातल्या बाल्टोचा पुतळा त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला. सगळ्यात लांब आणि अवघड पल्ला मारलेला टोगो मागे राहिला, कारण पुतळा शेवटी पोचणाऱ्याचा होतो. पण त्याआधी, डिसेंबर १९११ मध्ये अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोचला तो ५२ कुत्र्यांनिशी निघून. परत आली ११. वाटेत बरीचशी त्यानं ठरवून मारली आणि माणसांना, उरलेल्या कुत्र्यांना खायला घातली. हिशेब कागदावर आधीच मांडलेला होता. आणि अगदी अलीकडे, २०१० मध्ये कॅनडातल्या व्हिस्लरला हिवाळी ऑलिंपिकनंतर पर्यटक रोडावले, तेव्हा सवारीची पन्नासांहून अधिक कुत्री मारून पुरली गेली. त्यानंतर तिथला कायदा कडक झाला.

म्हणून मी मालकाला तो प्रश्न विचारला. विचारायला मलाच जड गेलं. ‘चेंडू आता किती वर्षांचा?’

‘नऊ सरले.’

‘मग?’

त्यानं उत्तर लगेच दिलं नाही. हिरा अजून तीन-चार वर्षं पळेल, पण चेंडूचा या हंगामानंतर पट संपला. वखराला, डवऱ्याला त्याला लावता येईल, पण घरी ट्रॅक्टर भाड्यानं येतो, तासाभरात काम होतं. पूर्वी म्हातारा बैल बाजारात जाई आणि पुढं त्याचं काय होतं ते विकणारा विचारत नसे. मार्च २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आली. त्या बाजारात माझ्या समाजातल्या किती घरांची चूल होती हे मी जाणतो. आणि शेतकऱ्याच्या दावणीला न विकता येणारं, न झेपणारं जनावर उभं राहिलं हेही पाहतो. कायद्यानं बैल वाचवला, पण त्याची वैरण कुणी आणायची ते कायद्यात लिहिलेलं नाही. चेंडू दिवसाला किती कुटार खातो हे मालकाला तोंडपाठ होतं.

‘ठेवीन,’ तो शेवटी म्हणाला. ‘माह्या बापानं ठेवले होते. पन दोन ठेवता येत नाईत भाऊ. हिरा थकला का मंग पट बंद.’

आतून बाई म्हणाल्या, ‘दरसाली असंच म्हनतात.’

निघताना मी सवयीनं चेंडूचा पाय उचलून पाहिला. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. उजव्या पुढच्या खुराची एक पत्री सैल झालेली होती, एक खिळा गायब. मैदानाच्या मऊ मातीत चालून जाईल, पण डांबरी रस्त्यानं पटाला नेताना लंगडेल. मालकाला दाखवलं. तो म्हणाला, आता तालुक्यात नालबंद उरला नाही, एक जण लांबून येतो, तोही बोलावल्यावर आठ दिवसांनी. मग जरा संकोचानं विचारलं, ‘चाचाचं सामान हाय का घरी?’

होतं. अब्बा गेल्यापासून माळ्यावर त्याच पोत्यात बांधून ठेवलेलं. मी पुढच्या रविवारी ते घेऊन गेलो. हातोड्याचा दांडा सैल झाला होता, तो पाण्यात भिजवून घट्ट केला. पत्री मारली मालकाच्या पुतण्यानं, मी फक्त खिळ्याचा तिरपा कल दाखवला आणि चेंडूचं डोकं धरून बसलो.