छोटा कुत्रा, मोठा राग: नर जास्त चिडका की मादी?

"काही करत नाही हो, नुसता भुंकतो!" तुमच्या घरात पॉमेरेनियन, शिह त्झू, डॅशहंड किंवा पग असेल, तर हे वाक्य दारात उभ्या असलेल्या पाहुण्यांना तुम्ही एकदा तरी ऐकवलं असेल. पाहुणे चपला काढतात, आत येतात आणि पाय वर घेऊनच सोफ्यावर बसतात. सगळे हसतात. चार किलोचं ते कापसाचं बोंडूक मात्र टेबलाखालून गुरगुरतच असतं.

नवीन पिल्लू घ्यायचं ठरलं की घराघरात पहिला प्रश्न येतो, नर घ्यायचा की मादी? कुणी सांगतं, मादी घ्या, शांत असते. कुणी सांगतं, मादी नको, तिचा मूड कळत नाही, नर बरा. दोन्ही सल्ले तितक्याच खात्रीने दिले जातात. दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण लहान कुत्र्याच्या रागाचं मूळ बहुतेक वेळा तिसरीकडेच असतं.

आधी एक गोष्ट मान्य करू. लहान कुत्री जास्त चिडकी असतात हा निव्वळ गैरसमज नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये हजारो मालकांच्या उत्तरांवरून जातींची तुलना केली. माणसांवर चिडण्यात डॅशहंड, चिवावा आणि जॅक रसेल टेरियर पुढे होते. ज्यांच्या नावाने आपल्याला धडकी भरते, त्या मोठ्या जाती नव्हत्या. २०२१ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठाने नऊ हजारांहून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातही मध्यम आणि मोठ्या कुत्र्यांपेक्षा लहान कुत्री माणसांवर जास्त गुरगुरतात, चावायला धावतात असं दिसलं. मादीपेक्षा नर जास्त आक्रमक, हेही त्याच अभ्यासात आढळलं.

म्हणजे नर चिडका, विषय संपला? नाही. त्याच अभ्यासात सगळ्यात ठळक फरक पाडणारी गोष्ट होती भीती. जी कुत्री फार घाबरट होती, ती इतरांच्या कितीतरी पट जास्त आक्रमक वागत होती. वय वाढलं तसा रागही वाढत होता. ज्या कुत्र्यांना दुसऱ्या कुत्र्यांची संगत नव्हती, आणि ज्यांच्या मालकाचा तो पहिलाच कुत्रा होता, त्यांच्यातही राग जास्त होता.

त्याच्या उंचीवरून जग पाहा

एक प्रयोग करा. घरात जमिनीवर आडवे पडा आणि कुणाला तरी तुमच्याकडे भराभर चालत यायला सांगा. छोट्या कुत्र्याला दिवसभर जग असंच दिसतं. वरून हात येतात, गाल ओढले जातात, न विचारता उचललं जातं, या मांडीवरून त्या मांडीवर दिलं जातं. लॅब्रेडॉरला कुणी असं उचलत नाही, कारण तो उचलला जात नाही.

सुरुवातीला हे छोटं कुत्रं सभ्यपणे 'नको' म्हणत असतं. तोंड फिरवतं, जीभ ओठांवरून फिरवतं, झोप आलेली नसताना जांभई देतं, कान मागे पाडतं, उठून जायला बघतं. केंडल शेफर्ड या ब्रिटिश पशुवैद्य बाईंनी या खुणांची एक शिडीच मांडली आहे. खालच्या पायऱ्यांवर जांभई आणि नजर चुकवणं, वर अंग ताठ होणं, मग गुरगुरणं, हवेत तोंड मारणं आणि शेवटी चावा. खालच्या पायऱ्यांवर कुणी लक्ष दिलं नाही, तर कुत्रा वर चढतो. वरची पायरी उपयोगी पडते असं एकदा कळलं की पुढच्या वेळी तो थेट तिथूनच सुरुवात करतो. आपण म्हणतो, "अचानक चावला." अचानक काही झालेलं नसतं.

लहान कुत्र्यांच्या बाबतीत या खुणा आपल्याला गोड वाटतात, हीच पंचाईत आहे. तीन किलोच्या चिवावाने दात दाखवले की मोबाइल बाहेर येतो आणि रील तयार होतं. तेच दात रॉटवायलरने दाखवले असते तर त्याच संध्याकाळी ट्रेनरला फोन गेला असता. ऑस्ट्रियात व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच फरक दिसला. लहान कुत्र्यांचे मालक वागण्यात कमी सुसंगत होते, म्हणजे आज सोफ्यावर चढू दिलं आणि उद्या त्यावरूनच ओरडले. प्रशिक्षण आणि एकत्र खेळ यांतही ते कमी पडत होते. मोठा कुत्रा शिकवावाच लागतो, कारण तो ओढत नेतो. छोट्याला आपण काखेत मारतो आणि पुढे निघतो.

नर आणि मादी: फरक आहे, पण कुठे?

नराच्या मेंदूवर टेस्टोस्टेरॉनचा परिणाम जन्माआधीच सुरू होतो. वयात आल्यावर जागोजागी तंगडी वर करणं, घराबाहेर पळायला बघणं, अनोळखी नर दिसला की छाती काढून उभं राहणं, हे त्याचंच रूप. लिफ्टचं दार उघडल्यावर समोर दुसरा नर दिसला आणि तुमचा पग पट्टा ताणून ओरडायला लागला, तर त्यात त्याच्या नर असण्याचा वाटा असू शकतो. पण तोच पग तुमच्या मुलाने वाटीला हात लावल्यावर गुरगुरत असेल, तर ते नर असल्यामुळे म्हणून सोडून देऊ नका. वाटीची राखण मादीही करते.

मादीचं गणित वेगळं. ती साधारण सहा ते आठ महिन्यांनी हीटवर येते. त्या काळात ती चिडचिडी होऊ शकते हे बहुतेकांना माहीत असतं. त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी जे होतं, ते मात्र अनेकांच्या लक्षातच येत नाही. काही माद्यांना खोटी गर्भधारणा होते. पिल्लू नसतंच, पण शरीराला ते ठाऊक नसतं. स्तन भरतात, कधी दूधही येतं. ती पलंगाखाली चादर ओढून घर करते आणि एखादा मोजा, टेडी किंवा तुमची स्लीपर पिल्लासारखी सांभाळते. स्लीपर काढायला हात घातला की चावते. घरच्यांना वाटतं, हिला झालंय तरी काय, कालपर्यंत इतकी गरीब होती! अशा वेळी ओढाओढी करू नका. ती फिरायला गेली की वस्तू हलवा आणि पशुवैद्यांना दाखवा. बहुतेकदा काही आठवड्यांत हे आपोआप ओसरतं.

मादी शांत असते या समजाला सगळ्यात मोठा धक्का बसतो तो दोन कुत्र्यांच्या घरात. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी २०११ मध्ये एकाच घरातल्या कुत्र्यांच्या भांडणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भांडणाऱ्या जोड्यांपैकी बहुतेक एकाच लिंगाच्या होत्या, आणि माद्यांचा सहभाग नरांपेक्षा जास्त होता. अभ्यास छोटा होता, पण श्वानतज्ज्ञांचा अनुभवही असाच आहे. त्यामुळे घरात आधीच एक मादी असेल आणि दुसरं कुत्रं आणायचं असेल, तर "दोघी बहिणी बहिणी राहतील" हा विचार गोड असला तरी नराचा पर्याय जास्त सुरक्षित. दोघांची नसबंदी आधी ठरवायची, हे वेगळं सांगायला नको.

नसबंदी केली की शांत होईल?

हा सल्ला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हमखास मिळतो. नसबंदीचे फायदे खरे आहेत. मादीला गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो, स्तनाच्या गाठींचा धोका कमी होतो, नको असलेली पिल्लं होत नाहीत. नराचं भटकणं आणि जागोजागी लघवी करणं बऱ्याचदा कमी होतं. पण माणसांवरचा राग? हेलसिंकीच्या अभ्यासात नसबंदीमुळे त्यात फरक दिसला नाही. भीती अंडाशयात किंवा वृषणात नसते, त्यामुळे ती कापून निघत नाही. उलट फार घाबरट कुत्र्याच्या बाबतीत घाई करू नये, आधी वागणुकीवर काम करावं, असं अनेक तज्ज्ञ सुचवतात. मादीला खोटी गर्भधारणा चालू असताना शस्त्रक्रिया केली, तर ती लक्षणं लांबू शकतात. म्हणून शेवटची हीट कधी होती ही तारीख लिहून ठेवा आणि डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आधी दुखणं तपासा

शांत कुत्रा चिडका झाला की पहिली पायरी ट्रेनर नाही, दवाखाना. छोट्या जातींची काही दुखणी ठरलेली आहेत. पॉमेरेनियन आणि चिवावाच्या गुडघ्याची वाटी सरकते. डॅशहंडच्या मणक्यातली गादी सरकते. छोट्या तोंडात दातांची गर्दी असते, त्यामुळे हिरड्या लवकर खराब होतात. उचलल्यावरच चावतो, मागच्या पायाला हात लावल्यावरच गुरगुरतो, डोक्यावर हात फिरवू देत नाही, यातलं काही दिसलं तर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा, कारण दवाखान्यातल्या टेबलावर बहुतेक कुत्री भीतीने गोठतात आणि काहीच दाखवत नाहीत. म्हाताऱ्या कुत्र्याला कमी दिसत-ऐकू येत असेल, तर तो नुसत्या दचकण्यानेही चावतो.

घरात काय बदलाल?

सगळ्यात आधी, गुरगुरल्यावर मारणं किंवा ओरडणं बंद. तुम्ही गुरगुरणं बंद पाडलंत, तर भीती तशीच राहते, फक्त इशारा जातो. "त्याला उताणा दाबून धरा, मालक कोण ते कळू दे" असं सांगणारा ट्रेनर असेल तर बदला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००९ च्या अभ्यासात असं दाबून धरलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश कुत्री उलट अंगावर आली होती.

उचलण्याआधी विचारा. 'वर' असा एकच शब्द ठरवा, हात पुढे करा, तो जवळ आला तरच उचला. हाड किंवा चप्पल तोंडात असेल तर हिसकावू नका, चीजचा तुकडा देऊन बदली करा. पाहुणे येणार असतील तर घंटा वाजायच्या आधीच त्याला आतल्या खोलीत चघळायला काहीतरी द्या. पाहुण्यांनी त्याच्याकडे न बघणं हा सगळ्यात चांगला पाहुणचार. सोसायटीत फिरायला नेताना लिफ्ट भरलेली असेल तर पुढच्या लिफ्टची वाट पाहा. पिल्लू घ्यायचं असेल तर नर-मादी ठरवण्याआधी त्याची आई बघा, ती माणसांना घाबरते का ते बघा. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. पिल्लू जितकं छोटं तितका लळा जास्त, हा दुकानदाराचा युक्तिवाद आहे.

घरात नातवंडं, भाचरं येत असतील, तर इथे मात्र कडक राहा. रांगणाऱ्या मुलाचं तोंड आणि छोट्या कुत्र्याचं तोंड एकाच उंचीवर असतं. मोठ्या माणसाच्या पोटरीला लागणारा दात मुलाच्या गालाला किंवा डोळ्याजवळ लागतो. मोठं माणूस खोलीत असेल तरच दोघं एकत्र, आणि 'खोलीत' म्हणजे मोबाइलवर नाही. झोपलेल्या कुत्र्याला उठवायचं नाही, मिठी मारायची नाही, जेवताना जवळ जायचं नाही, हे तीन नियम चार वर्षांचं मूलही शिकतं. कुत्र्याला पळून जाता येईल अशी एक जागा ठेवा, जिथे मुलांना प्रवेश नाही.

आणि तरीही दात लागलाच, तर "घरचाच आहे, लस झालीय" म्हणून गप्प बसू नका. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. हळद, मिरची, चुना काहीही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. जाताना कुत्र्याचं लसीकरणाचं कार्ड बरोबर घ्या, म्हणजे शेवटची रेबीजची लस कधी झाली ते दाखवता येईल. ओरखडा लहान असला, रक्त आलं नसलं तरी इंजेक्शन लागेल की नाही, हे त्यांना ठरवू द्या.