अननसाची रंगीत भावंडे : घरातील ब्रोमेलियाड

अननस आपल्याकडे पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणला. त्याच्याच कुळातील काही शोभिवंत वनस्पती आता ब्रोमेलियाड या नावाने आपल्या दिवाणखान्यात आल्या आहेत. या कुळात तीन हजारांहून अधिक जाती असून, आफ्रिकेतील एकमेव जात वगळता साऱ्या मूळच्या अमेरिका खंडातील आहेत. गुझमानिया, एकमिया, व्रिसिया आणि निओरेगेलिया हे त्यांतील घरात लावण्याजोगे प्रमुख प्रकार. त्यांचा लाल-केशरी रंग बहुधा फुलांचा नसून फुलांभोवतीच्या पानांसारख्या छदांचा असतो. म्हणूनच तो महिनोन् महिने टिकतो.

मुळे आधारापुरती

यांतील अनेक जाती जंगलात झाडांच्या फांद्यांवर वाढतात. मुळांचे काम मुख्यत्वे फांदी घट्ट धरून ठेवण्याचे. पाणी व अन्नद्रव्ये पाने शोषून घेतात. अनेकांच्या पानांचा मध्यभागी पेला तयार होतो व त्यात पावसाचे पाणी साठते. हे लक्षात घेतले की निगा सोपी होते. कुंडी लहान घ्यावी. नुसत्या काळ्या मातीत मुळे कुजतात, म्हणून नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा, विटांचे खडे आणि थोडे पानांचे खत असे भुसभुशीत मिश्रण वापरावे.

ऊन आणि पाणी

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांत पश्चिमेला घाटमाथ्याकडे मुसळधार पाऊस पडतो, तर पूर्वेला महामार्गाच्या बाजूला तो झपाट्याने कमी होतो. घाटाकडील गावांत पावसाळ्यात कुंड्या पागोळ्यांखाली ठेवू नयेत. मिश्रण सतत ओले राहिल्यास बुंधा सडतो. पूर्वेकडे एप्रिल-मेचे थेट ऊन पाने करपवते. पूर्वाभिमुख खिडकीतील कोवळे ऊन उत्तम. गुझमानियाला कमी उजेड चालतो. निओरेगेलियाचा रंग मात्र भरपूर उजेडाशिवाय खुलत नाही.

कूपनलिकेच्या क्षारयुक्त पाण्याने पानांवर पांढरे डाग पडतात, म्हणून पावसाचे साठवलेले पाणी वापरावे. खत अगदी विरळ करून द्यावे. तांबे या झाडांना घातक असल्याने बोर्डो मिश्रणासारखी बुरशीनाशके टाळावीत.

डासांपासून सावध

पेल्यातील पाणी हा या झाडाचा प्राण असला, तरी डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अशीच साठलेली पाण्याची जागा लागते. अंड्यापासून डास तयार व्हायला उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण आठवडा पुरतो. म्हणून दर चार-पाच दिवसांनी कुंडी तिरपी करून पाणी ओतून टाकावे, पेला धुवावा व ताजे पाणी भरावे. लहान मुले असलेल्या घरात हा नेम चुकवू नये.

एकदाच फुलणारे झाड

प्रत्येक पर्णगुच्छ आयुष्यात एकदाच फुलतो व मग हळूहळू वाळतो. हे पाहून अनेकजण झाड मेले असे समजून ते फेकून देतात. तेवढी घाई करू नये. बुंध्याशी फुटवे येतात. ते मूळ झाडाच्या निम्म्याइतके झाले की धारदार सुरीने वेगळे करून लावावेत. पूर्ण वाढलेले झाड फुलत नसेल, तर पेला रिकामा करून पिकलेल्या सफरचंदासह आठवडाभर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावे. फळातून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे काही आठवड्यांनी फुलोरा येऊ शकतो.

रानातले रानातच राहो

सह्याद्रीतील जुन्या झाडांवर वाढणारी 'सीतेची वेणी' ही आमरीदेखील याच जीवनपद्धतीची. तिला अनेकजण बांडगूळ समजतात. पण बांडगूळ यजमान झाडाचा रस शोषते, तर ही आमरी केवळ आधार घेते. पावसाळ्याच्या तोंडावर तिचे गुलाबी-पांढरे तुरे पाहून ती ओरबाडून घरी नेण्याचा मोह होतो. मात्र सालीला चिकटलेली मुळे तुटली की ती घरात क्वचितच जगते, आणि फांदीवर पुन्हा तिचे रोप येऊन फुलायला अनेक वर्षे जातात. हौस भागवायला रोपवाटिकेतील ब्रोमेलियाड आहेतच. वेणी झाडावरच शोभते.